दातावर लाईट मारून जंतू मारतात, पण नसेतल्या पेशींचं काय?

लाल-निळ्या लाईटने दातातले जंतू मारणारे व्हिडिओ तुम्हीही मोबाईलवर पाहिले असतील. आमच्या कर्जत-खालापूरकडचे मित्र मला विचारतात, "हे सेफ आहे का?" चला, सोप्या भाषेत बघूया.

हे तंत्र काय आहे?

याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. यात रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन अशा तीन गोष्टी लागतात. दातात मिथिलीन ब्लूसारखा रंग सोडतात, थोडं थांबतात आणि मग लाल प्रकाश टाकतात. रंग प्रकाशाची ऊर्जा शोषून जवळच्या ऑक्सिजनला देतो आणि हा चेतलेला ऑक्सिजन जंतूंना मारतो.

कल्पना जुनी आहे. 1900 साली म्युनिकच्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने दाखवलं की ॲक्रिडिन रंगातले पॅरामेशियम उजेडात लवकर मरतात. आपली हळदही यात आहे! हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, कारण तिच्यातल्या कर्क्युमिनवर प्रकाशाचा परिणाम होतो. संशोधक तेच कर्क्युमिन निळ्या प्रकाशासोबत वापरतात.

मग नसेला धोका कुठे?

आपण जिला दाताची नस म्हणतो, तो म्हणजे पल्प. पडून दात तुटलेल्या लहान मुलाच्या दाताचं मूळ अजून वाढत असतं. ते पूर्ण व्हायला पल्पच्या पेशी जिवंत हव्यात. पण चेतलेला ऑक्सिजन जंतू कोण आणि पेशी कोण, हे ओळखत नाही.

तरी बचाव होतो, तो दोन कारणांनी. या रंगावर धन भार असतो, जंतूंच्या पृष्ठभागावर ऋण. म्हणून रंग जंतूंना पटकन चिकटतो. शिवाय हा ऑक्सिजन क्षणात विझतो, त्यामुळे रंग जिथे बसलाय तिथेच काम करतो. म्हणजे सगळा खेळ डोसचा. रंग थोडा आणि वेळ कमी असेल तर आधी जंतू मरतात; दोन्ही वाढवले की पेशीही मरतात.

उष्णताही बघावी लागते. 1965 मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात पल्पचं तापमान सुमारे 5.5 अंश सेल्सिअसने वाढल्यावर 15 टक्के दातांचा पल्प सावरला नाही.

मग हे वापरायचंच कशाला? कारण नेहमीचं सोडियम हायपोक्लोराइट आणि अँटिबायोटिक पेस्टही जास्त तीव्रतेत याच पेशी मारतात.

डॉक्टरांना काय विचाराल?

- नस जिवंत आहे का? ती वाचवायची आहे की काढायची?
- रंग कोणता, किती वेळ ठेवणार? दातावर निळी झाक राहील का?
- नेहमीची सफाईही होणार ना? (लाईट ही जोड आहे, पर्याय नाही.)

जवळ सोय नसेल तर कामोठे, नेरूळची दंत महाविद्यालयं आहेत. कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने सीएसएमटी गाठलं, तर शासकीय दंत महाविद्यालयही जवळच आहे.

घरी करता येईल का?

नाही! किडलेल्या दातात हळद भरून मोबाईलचा टॉर्च मारू नका. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि टॉर्चचा डोस कुणी मोजलेला नसतो. ऑनलाईन मिळणारा निळ्या लाईटचा व्हाइटनिंग किट दात उजळवण्यासाठी असतो; तो हा उपचार नव्हे.

दात ठणकत असेल तर व्हिडिओ बंद करा आणि आधी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या.