वाघाचे केस कोणी विंचरले?

पडद्यावरचा वाघ खोटा असतो, हे आता शाळकरी पोरही सांगेल. त्याच्या अंगावरची लव कोण उगवतो, एवढेच आम्ही विचारतो. गुळगुळीत चेंडू संगणकाला लवकर साधला, केसाळ अंग मात्र साधेना. केस असंख्य, प्रत्येकाची दुसऱ्यावर सावली, आणि बारीक इतके की चित्रात कडा करवतीसारख्या दिसत. १९८९ साली अमेरिकेत कजिया आणि के या दोघांनी वेगळी वाट काढली. एकेक केस न रेखाटता त्यांनी अंगालगतची जागा बारीक घनांत वाटली. केस कुठे किती दाट, कुठल्या दिशेला कललेले आणि उजेड कसा परतवतात, एवढे त्यांत नोंदले. त्यांचे खेळण्यातले अस्वल कुरवाळावेसे वाटे!

पण गणिताने उगवलेले केसही विंचरावे लागतात माणसालाच. २०१२ च्या ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीच्या कारागिरांनी घडविला, तिच्या शाखा मुंबई-हैदराबादेतही होत्या. या धंद्यात चित्रसंस्था काम उक्ते देत. दुरुस्त्या कितीही निघोत, भार कारखान्यावर. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कंपनीचे दिवाळे निघाले. त्याच महिन्यात चित्रपटाला दृश्यकरामतीचे ऑस्कर मिळाले. बाहेर कारागीर फलक घेऊन उभे होते. आत विजेत्याने कंपनीच्या हलाखीचा विषय काढताच संगीत वाजले आणि ध्वनिक्षेपक बंद झाला.

२०२३ साली मार्व्हल या चित्रसंस्थेतील अशाच कारागिरांनी मतदान घेतले आणि एकमताने युनियन निवडली.