इव्हँजेलिकल ख्रिस्ती श्रद्धा (रायपूर व छत्तीसगढ)

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतील एक व्यापक श्रद्धाप्रवाह. बायबल हे श्रद्धेचे व आचरणाचे अंतिम प्रमाण आहे, येशू ख्रिस्ताचे वधस्तंभावरील मरण हे मानवाच्या तारणाचे एकमेव साधन आहे, पश्चात्ताप व विश्वास यांच्या द्वारे होणारा नवा जन्म हा ख्रिस्ती जीवनाचा आरंभ आहे आणि या शुभवर्तमानाची वाणीने व कृतीने साक्ष देणे हे प्रत्येक विश्वासणाऱ्याचे कर्तव्य आहे, ही चार तत्त्वे जो मनोभावे मानतो तो, त्याचे नाव कोणत्याही मंडळीच्या दप्तरी नोंदलेले असो, या प्रवाहातला समजला जातो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही चतुःसूत्री अभ्यासकांनी सामान्यतः स्वीकारली आहे. हा प्रवाह म्हणजे एखादा स्वतंत्र पंथ नव्हे; लूथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, मेनोनाइट अशा परस्परभिन्न मंडळ्यांतून तो वाहत आला आहे. रायपूर व त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत अशा अनेक मंडळ्या शतकाहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे, समान श्रद्धा कोठवर जाते आणि पंथभेद कोठून सुरू होतो, हे पाहण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त आहे.

पूर्वपीठिका : मार्टिन लूथर यांनी १५१७ मध्ये आरंभिलेल्या धर्मसुधारणेतून ‘केवळ शास्त्र, केवळ कृपा, केवळ विश्वास’ हे सिद्धांत पुढे आले. कालांतराने जर्मनीतील मंडळ्यांत मतनिष्ठा उरली, परंतु अंतःकरणाची ऊब ओसरली, अशा खंतीतून फिलिप स्पेनर यांनी १६७५ मध्ये ‘पिया डेसिडेरिया’ हा ग्रंथ लिहिला आणि घरोघरी शास्त्रवाचन, प्रार्थना व आचारशुद्धी यांवर भर देणारी भक्तिवादी चळवळ उभी राहिली. तिचाच प्रभाव इंग्लंडात जॉन वेस्ली यांच्यावर पडला. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत, ख्रिस्ताने आपलीच पापे दूर केली आहेत, अशी खात्री त्यांना अंतर्यामी पटली आणि तो प्रसंग पुढील सर्व इव्हँजेलिकल अनुभवकथनाचा जणू नमुना ठरला. याच प्रेरणेने मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांच्या बंगालमधील श्रीरामपूर येथील छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. १८४६ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल अलायन्सने निरनिराळ्या पंथांतील समविचारी लोकांना एका व्यासपीठावर आणले.

मूलतत्त्वे : त्रैक्य, ख्रिस्ताचा देहावतार, त्याचे पुनरुत्थान व पुनरागमन ही सर्व ख्रिस्ती जगाला मान्य असलेली तत्त्वे इव्हँजेलिकल श्रद्धेतही आहेत, तिचे वैशिष्ट्य त्यांवरील भराच्या दिशेत आहे. शास्त्राचे प्रामाण्य मानताना ती असे म्हणते की, धर्मपीठ, परंपरा, बुद्धी व अनुभव यांना स्थान असले तरी त्या सर्वांची पारख शास्त्राच्या कसोटीवर व्हावी, आणि ती करण्याचा अधिकार शेतावर राबणाऱ्या अक्षरओळखीच्या मनुष्यालाही असावा. म्हणूनच ही श्रद्धा जेथे गेली तेथे भाषांतर, छापखाना व शाळा तिच्या मागोमाग गेल्या. शास्त्राचा शब्दन् शब्द इतिहास व विज्ञान यांच्या बाबतीतही निर्दोष आहे, की तारणाच्या विषयापुरता तो अचूक आहे, याविषयी मात्र तिच्या अनुयायांतच मतभेद आहेत.

वधस्तंभाविषयीचे तत्त्व या श्रद्धेच्या केंद्रस्थानी आहे. मनुष्य स्वतःच्या पुण्यसंचयाने, व्रतवैकल्याने किंवा सदाचरणानेही देवापुढे नीतिमान ठरू शकत नाही. निष्पाप ख्रिस्ताने पाप्यांचा दंड स्वतःवर घेतला म्हणून क्षमा हे देवाचे दान ठरते, आणि सत्कर्म हे त्या दानाचे मूल्य नसून त्याबद्दलच्या कृतज्ञतेचे फळ असते. हे दान प्रत्येकाने स्वतः हात पुढे करून घ्यावे लागते, वडिलोपार्जित मिळकतीसारखे ते वारशाने येत नाही, यातूनच नव्या जन्माचे तिसरे तत्त्व निघते. ख्रिस्ती घरात जन्म, बाप्तिस्मा, मंडळीचे सभासदत्व यांपैकी काहीही असले तरी पापाची जाणीव, पश्चात्ताप व ख्रिस्तावर वैयक्तिक भिस्त यांवाचून ते अपुरे आहे, असे ही श्रद्धा सांगते. ज्याला असे दान मिळाले त्याला ते इतरांपासून लपवून ठेवण्याचा अधिकार नाही, हे साक्षीचे चौथे तत्त्व होय. १९७४ मध्ये लोझान येथे भरलेल्या इव्हँजेलिकल परिषदेच्या करारनाम्याने सुवार्ताप्रसार व सामाजिक न्यायासाठी झटणे ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये होत, असे स्पष्ट करून या तत्त्वाचा अर्थ विस्तृत केला.

छत्तीसगढातील आरंभ : नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर रायपूर इंग्रजी अमलाखाली आले व १८६१ मध्ये मध्य प्रांतात सामील झाले. रांची येथील गोस्नर मिशनमध्ये पूर्वी काम केलेले आणि १८५७ च्या धामधुमीत तेथून बाहेर पडून अमेरिकेस गेलेले ऑस्कर लोर हे अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे पहिले मिशनरी म्हणून १८६८ मध्ये या प्रदेशात आले. या मिशनच्या नावातील ‘इव्हँजेलिकल’ हा शब्द जर्मन प्रथेप्रमाणे लूथरन व रिफॉर्म्ड परंपरांच्या संयुक्त मंडळीचा वाचक होता; तथापि तिच्या धर्मजीवनात स्पेनरच्या भक्तिवादाचा ओलावा पुरेपूर होता. रायपूरच्या उत्तरेस पडीत जमीन घेऊन लोर यांनी विश्रामपूर हे गाव वसविले. तेथे मिशनरी हाच मालगुजार (गावाचा जमीनदार), हाच पाळक आणि बहुधा हाच औषधे देणारा अशी स्थिती होती. १८७४ मध्ये तेथे इम्मानुएल उपासनामंदिर उभे राहिले.

लोर यांचे लक्ष प्रामुख्याने सतनामी समाजाकडे होते. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी मूर्तिपूजा व जातिभेद यांचा निषेध करून एका सत्यनामाची उपासना शिकविली होती. तेव्हा हा समाज एकमुखाने ख्रिस्ताकडे वळेल, अशी मिशनची अपेक्षा होती, आणि टोपीवाला साहेब येईल असे भाकीत गुरूंनी केले होते, अशी आख्यायिकाही मिशनच्या लेखनात आढळते. ती अपेक्षा फलद्रूप झाली नाही. सतनामी पंथाला स्वतःचे गुरू, स्वतःची स्मृती व स्वतःचा स्वाभिमान होता. जे थोडे लोक आले ते नातेगोत्याच्या वाटेने, घरामागून घर असे आले. १८९७ व १९०० च्या दुष्काळांत अनाथ मुले व निराधार कुटुंबे मिशनच्या आश्रयास आल्यावर संख्या वाढली. एकेका जीवाने देवासमोर एकट्याने उभे राहावे असे सांगणारी श्रद्धा येथे गाव, गोत व सोयरीक यांच्या चौकटीत रुजली, आणि या दोहोंचा मेळ घालणे हेच छत्तीसगढातील मंडळीचे खरे कार्य ठरले.

जर्मन मिशनच्या मागोमाग डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट मिशनने १८८५ मध्ये बिलासपूर येथे ठाणे केले. अमेरिकन मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये धमतरीस आले व दुसरी मेनोनाइट शाखा त्यानंतर लवकरच चांपा येथे स्थिरावली. जर्मन मिशन बालकांना बाप्तिस्मा देऊन वयात आल्यावर त्यांचे दृढीकरण करी. डिसायपल्स व मेनोनाइट स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देत. मेनोनाइट तर शस्त्रग्रहणही निषिद्ध मानीत. विधींत एवढे अंतर असूनही शास्त्र, वधस्तंभ, नवा जन्म व साक्ष यांविषयी त्यांच्या उपदेशात फरक नव्हता. साक्षीचे कृतिरूपही सारखेच होते : चांदखुरी व चांपा येथील कुष्ठरोग्यांची आश्रयस्थाने, धमतरी, मुंगेली व तिल्दा येथील रुग्णालये आणि रायपुरातील शाळा. ज्याला घरच्यांनीही उंबऱ्याबाहेर काढले त्या रोग्याची जखम धुणे, हे वधस्तंभाच्या सिद्धांतावरचे सर्वांत सुबोध भाष्य होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मराठी अनुभव : मराठी वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती मनःपरिवर्तनाचा एक धागा याच प्रदेशातून गेला आहे. कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगाव संस्थानास, म्हणजे रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर, रेल्वेने जात असता डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. काव्याच्या गोष्टी निघाल्या, आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांना बायबलची प्रत देऊन, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी वाचनास आरंभ केला तो टीकाकाराच्या वृत्तीने; पण मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि पुस्तक हातावेगळे करवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाने घरावर कोसळलेली वियोगाची वर्षे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नोंदविली आहेत, वैयक्तिक श्रद्धेची किंमत भोवतालच्या माणसांनाही मोजावी लागते, याची इतकी प्रांजळ साक्ष दुसरीकडे क्वचितच सापडेल. लक्ष्मीबाईंनी पतीमागोमाग लगेच धर्म बदलला नाही. त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी ख्रिस्ताकडे वळल्या, आणि या श्रद्धेला हेच अभिप्रेत असते.

पंडिता रमाबाईंचा अनुभव नव्या जन्माचे तत्त्व आणखी स्पष्ट करतो. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षांनी त्यांना असे आढळून आले की, आपण ख्रिस्ती धर्म पत्करला खरा, परंतु ज्याच्यावर तो उभा आहे त्या ख्रिस्ताची भेट अद्याप झालेली नाही. ती भेट पुढे शास्त्राच्या मननातून झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढविल्या. तेथेच १९०५ मध्ये मोठे धर्मजागरण घडले.

आचार : इव्हँजेलिकल मंडळीत संस्कार मुख्यतः दोन, बाप्तिस्मा व प्रभुभोजन. तथापि तिचे नित्याचे जीवन पाहावयाचे तर घरगुती प्रार्थनासभेत पाहावे. ढोलक-मंजिऱ्यांच्या साथीने भजन होते, शास्त्रातील एक अध्याय वाचला जातो, मग कोणी तरी उठून आपली साक्ष सांगते : पूर्वी आपण काय होतो, प्रभूने कसे गाठले, आता काय पालटले. शेवटी आजाऱ्याचे नाव, परीक्षेस बसणाऱ्या मुलाचे नाव, कोर्टात अडकलेल्या जमिनीचे प्रकरण, सर्व काही प्रार्थनेत मांडले जाते. पाळकाइतकाच अधिकार येथे वृद्ध विधवेच्या प्रार्थनेला असतो. सर्व विश्वासणारे याजक आहेत, या सिद्धांताचे हे प्रत्यक्ष रूप होय.

धर्मांतराचा प्रश्न : साक्ष देण्याचे तत्त्व या प्रदेशात कायद्याच्या कक्षेत आले. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या कार्यावर कडक टीका करणारा अहवाल दिला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य कायदा करून बळजबरी, आमिष वा फसवणूक यांनी केलेले धर्मांतर दंडनीय ठरविले. याच कायद्याखाली बलौदाबाजार येथे उद्भवलेल्या रेव्हरंड स्टेनिस्लॉस यांच्या प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. या वादात एक गोष्ट विसरली जाऊ नये : बळाने वा लालूच दाखवून घडविलेले धर्मांतर इव्हँजेलिकल सिद्धांतानुसारच निरर्थक आहे, कारण अंतःकरणाच्या स्वतंत्र संमतीवाचून नवा जन्म संभवत नाही. त्याचप्रमाणे, त्या संमतीस कोणी आडकाठी करणे हेही त्या श्रद्धेला मान्य होण्याजोगे नाही.

सांप्रतची स्थिती : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, जर्मन मिशनचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्या व डिसायपल्स हे तीत सामील झाले, मेनोनाइट स्वतंत्र राहिले. बालकांचा व प्रौढांचा, असे दोन्ही बाप्तिस्मे या संयुक्त मंडळीने मान्य केले. तिच्या छत्तीसगढ धर्मप्रांताचे मुख्य ठाणे रायपूर येथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगढात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे दोन टक्के होते. त्यांत कॅथलिकांची संख्या मोठी आहे, आणि अलीकडे पेंटेकोस्टल व स्वतंत्र मंडळ्यांचीही भर पडली आहे. मिशनरी गेले, मालगुजारी संपली, परदेशी द्रव्याचा ओघही आटला. तरीही विश्रामपूर, धमतरी व रायपूर येथील मंडळ्या टिकल्या, त्या येथील लोकांनी ही चार तत्त्वे आपल्या बोलीत, आपल्या भजनांत व आपल्या सोयरसंबंधांत सामावून घेतली म्हणून. या श्रद्धेचे मोजमाप अनुयायांच्या संख्येने करणे तिच्या स्वरूपाशी विसंगत आहे. क्षमा मिळालेला मनुष्य इतरांना क्षमा करतो की नाही आणि कृपेने उचललेला मनुष्य पडलेल्याला उचलतो की नाही, हीच तिची तिने स्वतः मान्य केलेली कसोटी आहे.