पिस्तूल आणि सत्याग्रह: सेनापती बापटांचा कागदोपत्री माग

लोणावळ्याच्या दक्षिणेला, मुळा-निळा खोऱ्यात, पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. त्याआधीचे बापट शोधायचे तर सरकारी कागदांपासून सुरुवात करावी लागते.

१९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात बॉम्ब बनवण्याच्या एका टंकलिखित पुस्तिकेची नोंद आहे. तिची एक प्रत मे १९०८ मध्ये कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत सापडली, दुसरी १९०९ मध्ये नाशिकला गणेश सावरकरांच्या घरी. दोन्हींचा मजकूर मुख्यतः एकच. म्हणजे दोन्ही प्रतींचा मूळ स्रोत एक होता, एवढे पक्के. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून ही विद्या शिकून ती हिंदुस्थानात आणणाऱ्यांत १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेलेले बापट होते, हे मात्र आपल्याला क्रांतिकारकांच्या आठवणींतून कळते. कोणती प्रत कोणाच्या हातून गेली, हे दोन झडत्यांवरून ठरत नाही. तिथे अनुमानच करावे लागते.

मग मावळ. टाटांच्या वीज योजनांचा क्रम कंपन्यांच्या तारखांवरून लावता येतो. लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले, आंध्र खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे १९२२ मध्ये. मुळा-निळा खोऱ्यातल्या मुळशीच्या धरणासाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये निघाली आणि जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या जाऊ लागल्या. परकीय सरकारचा कायदा आणि स्वदेशी भांडवल एका बाजूला, भातखाचरांचे मावळे दुसऱ्या बाजूला. या लढ्याची सारी अडचण मला या मांडणीत दिसते: स्वराज्यासाठी झगडणाऱ्यांनाही यात बाजू निवडणे सोपे नव्हते.

या धरणाविरुद्धचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला सुरू झाला असे सांगतात. आठवणींतल्या अशा जोड्या तपासून घ्याव्यात. ८ एप्रिल १९२१ रोजी सूर्यग्रहण होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. तिथून मोजले तर चैत्र शुद्ध नवमी १६ तारखेच्या मध्यान्हीला येते. तिथी आणि तारीख जुळते! दुसरा आधार त्याच महिन्यातला आहे: २७ एप्रिलच्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी टाटांना कायदेशीर हक्कांवर अडून न बसता लोकांशी बोलण्याची विनंती केली. विनायकराव भुस्कुटे यांचे ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक प्रत्यक्ष भाग घेतलेल्याचे, म्हणून मोलाचे. पण ते घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी आलेले आहे. त्यातल्या तारखांना समकालीन कागदाची जोड मिळेल तिथे ती घ्यावी.

पुढच्या टप्प्यात सूत्रे बापटांकडे आली. १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. रुळांवर दगड रचलेले, एका हातात तलवार, दुसऱ्यात पिस्तूल आणि अंगावर ‘सत्याग्रही’ असा बिल्ला, असे वर्णन परंपरेने आले आहे. बिल्ला आणि तलवार हे तपशील आठवणींचे. त्यांवर फार भार टाकू नये. शिक्षेबद्दल संशय नाही: सात वर्षे.

पॅरिसहून आलेला माणूस सत्याग्रही झाला आणि पुन्हा पिस्तुलाकडे वळला, असे या घटनेवरून अनेकदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. बापट ‘शुद्ध सत्याग्रह’ मांडत होते. त्यात शस्त्र उचलणाऱ्याने पळून न जाता शिक्षा स्वतःवर घ्यायची होती. गांधीजींना हे मान्य होणे शक्य नव्हते. पण बापटांच्या हिशेबात १९०८ आणि १९२४ यांत तुटलेला धागा नव्हता. पहिल्या वेळी ते भूमिगत झाले, दुसऱ्या वेळी तसे केले नाही, एवढाच पण फार मोठा फरक होता. त्या दोन वर्षांमधल्या काळात तो कसा घडला, हे या कागदांतून उलगडत नाही.

शिक्षेचा काळ त्यांनी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात काढला. मुळशीचे पाणी भिरा वीजघरात १९२७ मध्ये पोचले. बापट १९३१ मध्ये सुटले.