बिअरचा न्यायनिवाडा : जिभेपासून गुणपत्रिकेपर्यंत

१/१७
आजच्या बिअर-स्पर्धेतील परीक्षकासमोर ५० गुणांची पत्रिका असते. गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. ही कोरडी आकडेवारी दिसते. पण तिच्यामागे एक सात शतकांचा वाद आहे : चांगली बिअर कोणती, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? त्याचा हा धागा. 🧵

२/१७
तेराव्या शतकातील इंग्लंड. पाव आणि एल यांच्या किमती व दर्जा बांधून देणारा कायदा तेथे लागू झाला. एल म्हणजे जवाच्या माल्टपासून आंबवलेले पेय, घरोघरी रोज प्यायले जाणारे. ते बहुतेक ठिकाणी स्त्रियाच बनवत. त्याची परीक्षा घेण्यासाठी गावोगावी ‘एल-चाखणारे’ नेमले गेले.

३/१७
नवा घाणा तयार झाला की चाखणाऱ्याला बोलवायचे. पेय नासके निघाले, माप खोटे भरले किंवा दर जास्त लावला, तर दंड. स्ट्रॅटफर्ड गावाने १५५६ साली या पदावर नेमलेल्या गृहस्थाचे नाव जॉन शेक्सपिअर. आठ वर्षांनी त्याच्या घरी विल्यम जन्मला.

४/१७
हा अधिकारी बाकावर एल सांडून त्यावर चामडी विजार घालून बसे आणि विजार चिकटते का ते पाही, अशी गोष्ट फार प्रसिद्ध आहे. तिला समकालीन पुरावा नाही. त्याचे उपकरण एकच होते : स्वतःची जीभ. आणि जिभेविरुद्ध अपील कोठे करणार?

५/१७
अठराव्या शतकात जिभेला प्रतिस्पर्धी मिळाला. हल येथील जॉन रिचर्डसन याने १७८४ साली सॅकरोमीटरवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे द्रवाची घनता मोजणारे तरंगते उपकरण. माल्टमधून पाण्यात किती साखर उतरली, हे आता आकड्यात कळू लागले.

६/१७
आकड्याने चवच बदलली. लंडनची काळसर पोर्टर तपकिरी माल्टची असे, कारण तो स्वस्त. मोजल्यावर उमगले की महाग वाटणारा फिकट माल्ट कितीतरी जास्त साखर देतो. म्हणजे खरा स्वस्त तोच. कारखानदार फिकट माल्टकडे वळले. पण मग पोर्टरचा काळा रंग आणायचा कोठून?

७/१७
काहींनी जळकी साखर घातली, काहींनी त्याहून वाईट पदार्थ. १८१६ च्या कायद्याने रंग मिसळण्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलर याने कॉफीच्या बियांसारखा खरपूस भाजलेल्या काळ्या माल्टचे पेटंट घेतले. आजच्या स्टाउटमधील करपट-कडू चव ही अशी एका उपकरणाची आणि एका कायद्याची संतती आहे.

८/१७
इकडे बोहेमियातील पिल्सेन. १८३८ साली तेथील नागरिकांनी नासक्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली, असे सांगितले जाते. त्यांनी स्वतःची ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियातून योजेफ ग्रोल याला आणले. १८४२ साली त्याच्या घाण्यातून सोनेरी, पारदर्शक बिअर बाहेर पडली. आज जगभर खपणाऱ्या बहुतेक लागर तिच्याच वंशातील.

९/१७
भारताशी नाते सांगणारी शैली म्हणजे इंडिया पेल एल. लंडनच्या बो ब्रुअरीचा मालक हॉजसन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना लांब उधारीवर बिअर देई. हॉप्सने कडू केलेली ही बिअर विषुववृत्त दोनदा ओलांडून मुंबई-कोलकात्याला पोहोचेपर्यंत पिंपातच मुरत असे.

१०/१७
‘प्रवासात टिकावी म्हणून हॉजसनने नवी बिअर शोधली’ ही कथा मात्र पुराव्यावर टिकत नाही. साठवणीसाठी जास्त हॉप्स घालण्याची रीत आधीपासूनच होती. शिवाय भारतातील गोरे सैनिक मोठ्या प्रमाणात पोर्टरच पीत आणि तीही समुद्रप्रवास सोसून येतच होती. पेल एल हे प्रामुख्याने साहेबांच्या मेजावरचे पेय.

११/१७
१८२० च्या दशकात बर्टन गावचे कारखानदार या व्यापारात उतरले. तेथील विहिरींचे पाणी जिप्समयुक्त. त्यात हॉप्सचा कडवटपणा अधिक स्वच्छ, रेखीव उमटतो. हॉजसनची सद्दी ओसरली. गुणवत्तेचा हा निवाडा कुणा परीक्षकाने केला नाही. तो पाण्याने आणि गिऱ्हाइकाने केला.

१२/१७
मोजमापाचे शिखर डब्लिनमध्ये. विल्यम गॉसेट १८९९ साली गिनेस कंपनीत रुजू झाला. जव आणि हॉप्स यांचे मोजकेच नमुने हाती असताना ठाम निष्कर्ष कसा काढावा, हा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले गेले, कारण कंपनीची तशी अट होती. आज औषधांच्या चाचण्यांतही वापरली जाणारी ‘टी-टेस्ट’ ती हीच.

१३/१७
जीभ तरीही निवृत्त झाली नाही. तिला शिस्त लागली. १९४० च्या दशकात कार्ल्सबर्गमध्ये तीन ग्लासांची परीक्षा रुळली : दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखा. केवळ अंदाजाने तीनांतून एकदा बरोबर येणारच. त्याहून जास्त वेळा ओळखणाऱ्याच्याच मताला वजन. पुढे मॉर्टन मायलगार्ड याने चवींचे चक्र मांडले. लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास : दोषांना नावे मिळाली आणि परीक्षकांना समान भाषा.

१४/१७
पण मोजमापाचा एक तोटा झाला. विसाव्या शतकाच्या मध्यात मोठ्या कंपन्यांनी निर्दोष, एकसारखी आणि निर्गुण बिअर बाजारात ओतली. चूक काहीच नाही, चवही नाही. याविरुद्ध १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. तिची मागणी पिंपातच मुरणाऱ्या जिवंत एलची होती.

१५/१७
१९७७ साली मायकल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराचा (गायकाशी संबंध नाही) ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ प्रसिद्ध झाला. त्याने जगातील बिअर शैलींनुसार लावल्या. निकष पालटला : ही बिअर चांगली आहे का, याआधी विचारायचे की ही कोणत्या घराण्याची आहे? आंबटपणा पिल्सनरमध्ये दोष, तर बेल्जियमच्या लांबिकमध्ये गुण. ख्याल ऐकताना ठुमरीचे नियम लावत नाहीत, तसेच.

१६/१७
१९७८ मध्ये अमेरिकेत घरगुती बिअरनिर्मितीला संघराज्याच्या कायद्याने वाट मिळाली. हौशी लोक जुन्या शैली पुस्तकांतून वाचून घरी बनवू लागले आणि त्यांच्यातूनच अनेक क्राफ्ट ब्रुअरी निघाल्या. १९८५ मध्ये परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी ‘बीजेसीपी’ ही संस्था आली. आरंभीची गुणपत्रिका तिचीच. २००९ साली पुण्यात सुरू झालेली ‘डूलाली’ हे याच लाटेचे महाराष्ट्रातील रूप. नावही इथलेच : नाशिकजवळच्या देवळालीचा गोऱ्या सैनिकांनी केलेला अपभ्रंश.

१७/१७
आणि जीभ? बेल्जियमच्या हूगार्डन गावातील गव्हाच्या बिअरची शेवटची ब्रुअरी १९५७ साली बंद पडली. शैली संपली. तेथे तरुणपणी हाताखाली काम केलेला पिएर सेलिस हा दूधवाला होता. १९६० च्या दशकात त्याने संत्र्याची साल आणि धणे घातलेली ती बिअर आठवणीतून पुन्हा उभी केली. आज ती शैली जगभरच्या स्पर्धांत गुणांनी मोजली जाते. मोजायला ती उरली, कारण एका दूधवाल्याच्या जिभेने तिची चव जपली होती.

#इतिहास #खाद्यसंस्कृती #मराठी