दोन विजय

मोठा कोण, हा प्रश्न क्रीडारसिकांना सदैव छळीत आला आहे. टेनिसमध्यें टिल्डन कीं बज, असे तट पडले. मुंबईच्या क्रिकेटमध्यें १९४३ सालीं मर्चंट कीं हजारे, असे पडले. दोघांचेंही नांव विजय!

त्या वर्षीं ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामने झाले. संघ धर्मावरून पाडलेले. सांगलीचे ख्रिस्ती हजारे ‘इतरां’च्या संघांत, मुंबईचे मर्चंट हिंदूंच्या. हजाऱ्यांनीं मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा काढल्या. अंतिम सामन्यांत मर्चंटांनीं नाबाद २५० करून तो आंकडा मागें टाकला. इतरांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावांत मात्र हजारे पाय रोवून उभे राहिले. बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धावांची भागीदारी केली; तींत विवेकांचा वांटा अवघा २१! संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. तरीही सामना हिंदूंनीं डावानें जिंकला.

त्याच हंगामांत रणजी सामन्यांत मर्चंटांनीं महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढून हजाऱ्यांचा १९३९-४० च्या हंगामांतील नाबाद ३१६ धावांचा विक्रम मोडला.

मग श्रेष्ठ कोण? कसोटी सामन्यांतील सरासरी पाहावी, तर मर्चंटांची ४७.७२ आणि हजाऱ्यांची ४७.६५! धर्मवार संघांचे ते सामने १९४६ सालीं बंद पडले. वादाचा निकाल मात्र लागला नाहीं. भक्तांनीं एकास मोठें ठरवितांना दुसऱ्यास लहान केलें. त्या दोघांनीं मात्र एकमेकांस मोठें केलें.