दहा फुटांची रिंग, चार फुटांचा खांब

१८९१ मध्ये जेम्स नायस्मिथने स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या. का? तर गॅलरीचा कठडा तेवढ्या उंचीवर होता म्हणून! पुढे त्याच दहा फुटांनी खेळाडू निवडले. उंच पोरांना आवरायला अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलने नियमही केले. १९४४ मध्ये रिंगकडे खाली येणारा चेंडू अडवायला बंदी, १९६७ मध्ये थेट डंकवरच बंदी. ही दुसरी बंदी १९७६ मध्ये उठली.

आपल्या खो-खोचा खांब जेमतेम चार फुटांचा. इथे उंची अगदीच वाया जात नाही, सूर मारताना लांब हात कामी येतोच. पण पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही, बसलेल्यांची रांगही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळं. त्यामुळे झटकन वळणारी लहान चणीची मुलगी उंच मुलीला दमवते.

धाराशिवच्या सारिका काळेचंच बघा. एकेकाळी घरी दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, असं तिने सांगितलंय. उंची ताटातूनही येते. दहा फुटांच्या रिंगखाली तिची निवड झाली असती का, मला शंका आहे. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला होता. तेव्हा ती तुळजापुरात क्रीडा अधिकारी होती.