निकालपत्रकाचे वाचन : पॉला न्यूबी-फ्रेझर हिच्या कारकिर्दीविषयी एक टिपण

‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ ही शब्दांची जोडी मराठीत रुळली ती मुख्यतः रंगभूमीच्या अनुषंगाने. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारी नाटक मंडळी धंदेवाईक, आणि कचेरी सुटल्यावर तालमीस जमणारे ते हौशी. यांपैकी दुसऱ्या शब्दाला चिकटलेला तुच्छतेचा वास जाऊन त्या जागी ‘व्यावसायिक’ हा सोज्ज्वळ शब्द येण्यास बराच काळ लागला. पोहणे, सायकल चालवणे व धावणे या तिहींची सलग शर्यत, म्हणजेच ट्रायथलॉन, या खेळात मात्र हौशीपासून व्यवसायापर्यंतचे स्थित्यंतर दहा वर्षांच्या आत घडले. त्यामुळे ते एका व्यक्तीच्या चरित्रात न्याहाळता येते. ती व्यक्ती म्हणजे पॉला न्यूबी-फ्रेझर होय.

या खेळातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत १९७८ साली हवाई बेटांतील ओआहू येथे सुरू झाली. जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघालेल्या त्या पहिल्या शर्यतीत १५ पुरुष उतरले व १२ जणांनी ती पुरी केली. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२ किलोमीटरची मॅरेथॉन असे तिचे स्वरूप. जो जिंकेल त्याला ‘आयर्नमॅन’ म्हणावे असे ठरले, आणि नाव कायम झाले. पुढच्याच वर्षी लिन लेमेर ही स्त्री तीत उतरली आणि एकंदरीत पाचवी आली. नाव बदलले नाही. मराठीत या नावाचे भाषांतर करू जाता अडचण दुहेरी होते. ‘लोहपुरुष’ म्हटले की सरदार पटेल डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि स्त्रीला ‘लोहपुरुष’ म्हणणे व्याकरणासही रुचत नाही. तेव्हा मूळ नावच ठेवलेले बरे.

पॉलाचा जन्म १९६२ साली तत्कालीन ऱ्होडेशियातील सॉल्सबरी येथे, म्हणजे आजच्या हरारे येथे झाला. ती लहानाची मोठी झाली दक्षिण आफ्रिकेत. शालेय वयात ती चांगली पोहत असे; पुढे तिने पोहणे सोडले. १९८५ च्या आरंभी, सायकल विकत घेऊन काही आठवडेच झाले असता, ती आपल्या पहिल्या ट्रायथलॉनमध्ये उतरली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील लांब पल्ल्याची शर्यत जिंकल्याने तिला हवाईचा प्रवास बक्षीस मिळाला, आणि तेथे ती तिसरी आली. त्या वर्षापर्यंत या शर्यतीत रोख बक्षीस नव्हते. १९८६ मध्ये एका अनामिक दात्याने १ लाख डॉलर दिले. तिचे पहिले अजिंक्यपद नेमके याच वर्षाचे आहे.

परंतु अंतिम रेषा त्या दिवशी प्रथम ओलांडली ती पॉलाने नव्हे, कॅनडाच्या पॅट्रिशिया पुन्टस हिने. पुढील सायकलस्वाराचा आडोसा धरून वाऱ्यापासून बचाव केल्याच्या कारणावरून तिला बाद ठरवण्यात आले आणि पॉला विजेती झाली. प्रेक्षकांनी पाहिलेला निकाल एक व कागदावरचा निकाल दुसरा! इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार नवा नाही. मात्र हे अजिंक्यपद ज्या यादीत मोजले जाते, त्या यादीत ही हकीकत लिहिलेली नसते.

पॉलाची खरी प्रतिस्पर्धी न्यूझीलंडची एरिन बेकर. १९८७ व १९९० या दोन्ही वर्षी तिने पॉलाला हवाईत हरवले. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा न्यूझीलंडमध्ये दौरा झाला, तेव्हा वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांत बेकरला शिक्षा झाली आणि त्यापायी काही वर्षे तिला अमेरिकेत प्रवेश नाकारला गेला. त्याच वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका क्रीडाक्षेत्रात बहिष्कृत होती; पॉलाच्या नावापुढे लागे तो जन्मदेश झिम्बाब्वेचा. निव्वळ वेळांचा तक्ता वाचणाऱ्यास यातले काहीच दिसत नाही. स्त्रियांना पुरुषांइतकेच बक्षीस मिळावे असा आग्रह धरणाऱ्यांतही बेकर अग्रेसर होती. या बाबतीत पॉलाहून तिचे ऋण अधिक मानावे लागेल असे मला वाटते.

१९८८ ची शर्यत पॉलाने ९ तास १ मिनिट १ सेकंदात जिंकली. सर्व स्पर्धक एकाच वेळी, एकाच मार्गावर निघत असल्याने स्त्री-पुरुषांची एकत्र यादी करता येत असे. तीत तिचा क्रमांक ११ वा होता. पुरुषांचा विजेता स्कॉट मोलिना याची वेळ ८ तास ३१ मिनिटे. अंतर ३० मिनिटे १ सेकंद, म्हणजे शेकडा सुमारे ६. या आकड्याचा गौरव पुष्कळ झाला आहे व तो योग्यच आहे. तथापि डेव्ह स्कॉट त्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यामुळे उतरलाच नव्हता आणि मार्क अॅलनच्या सायकलचे चाक पंक्चर झाले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आता १९९२ पाहा. पॉलाची वेळ ८ तास ५५ मिनिटे २८ सेकंद. हवाईत ९ तासांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. परंतु अॅलनने ती शर्यत ८ तास ९ मिनिटे ८ सेकंदांत जिंकल्यामुळे अंतर शेकडा साडेनऊवर गेले. घड्याळ एक सांगते, तुलना दुसरे. विक्रमांच्या कोष्टकात १९९२ श्रेष्ठ ठरते. माझा कौल, वरील सर्व सावधगिरी बाळगूनही, १९८८ ला आहे.

१९८८ ते १९९४ या ७ वर्षांत बेकरच्या १९९० चा अपवाद वगळता प्रत्येक वर्षी पॉलाच जिंकली. त्या मधल्या विजयांविषयी वेगळे लिहिण्यासारखे थोडे आहे. लिहिण्यासारखे आहे ते १९९५ चे. ही आपली अखेरची हवाई शर्यत असे तिने जाहीर केले होते. सायकल संपली तेव्हा अमेरिकेची कॅरेन स्मायर्स तिच्या बरीच मागे होती. धावताना ते अंतर झपाट्याने कमी होऊ लागले, तसे पॉलाने पाण्यापाशी थांबणे टाळले. अंतिम रेषा काहीशे मीटरवर असता तिची पावले अडखळू लागली, स्मायर्स पुढे गेली आणि पॉला रस्त्यावरच आडवी झाली. बूट काढून ती काही वेळ पडून राहिली; मग उठून अनवाणी चालत चौथी आली. त्या वर्षी आपण अतिसराव केला, हे तिने पुढे स्वतःच मान्य केले. एवढ्या अनुभवी व्यावसायिकाकडून पाणी टाळण्याची नवशिकी चूक व्हावी, हे चमत्कारिक खरे. पण अंतर राखण्याच्या भयाने ती झाली हे उघड आहे. निकालपत्रकात फक्त ‘चौथी’ एवढेच आहे.

१९९६ मध्ये ती परतली आणि स्वित्झर्लंडच्या नताशा बाडमान हिला मागे टाकून आठव्यांदा जिंकली. २००२ पर्यंतचे सर्व ठिकाणचे विजय धरल्यास या पल्ल्यावरील तिची अजिंक्यपदे २४ भरतात.

हवाईतील तिची १९९२ ची वेळ १७ वर्षे टिकली. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्रिसी वेलिंग्टनने ती ८६ सेकंदांनी मोडली; परंतु त्या वर्षी पुरुष विजेता क्रेग अलेक्झांडर हा वेलिंग्टनच्या ३३ मिनिटे ४१ सेकंद आधी पोहोचला होता, म्हणजे अंतर शेकडा पावणेसात, १९८८ पेक्षा अधिक. अशी पडताळणी शक्य होते ती दोघांचा दिवस व मार्ग एक असल्यामुळे. २०२३ ते २०२५ या तीन वर्षी स्त्रियांची व पुरुषांची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत हवाई आणि फ्रान्समधील नीस अशी आळीपाळीने विभागली गेली. त्या वर्षांपुरते ११ व्या क्रमांकासारखे काही शोधण्यास एकत्र यादीच उपलब्ध नाही.